शेवळ्याचे बिऱ्हाड

मुंबईहून कर्जतला जाणारी लोकल वांगणीच्या पुढे निघाली, की उजव्या हाताला माथेरानचा डोंगर येतो आणि डाव्या हाताला, उल्हास नदीच्या पलीकडे, भीमाशंकरच्या रांगेची निळसर भिंत दिसू लागते. या दोहोंच्या मधल्या खोऱ्यात नेरळ वसले आहे. बहुतेकांना नेरळ ठाऊक असते ते माथेरानच्या पायथ्याचे स्टेशन म्हणून. १९०७ साली सुरू झालेली ती चिमुकली गाडी इथूनच डोंगर चढू लागते. प्रवासी उतरतात, गरम वडा खातात, वर जातात आणि दोन दिवसांनी लाल मातीने माखलेली पायताणे घेऊन परत मुंबईच्या गाडीत बसतात. नेरळकडे बघायला त्यांना सवड नसते. नेरळात बघण्यासारखे आहे तरी काय, असे कोणी विचारले, तर मी त्याला एवढेच सांगतो, की मे महिन्याच्या अखेरीस या आणि सकाळी लवकर बाजारात चला.

ते दिवस मोठे विलक्षण असतात. उन्हाने माती भाजून निघालेली असते. उल्हासच्या पात्रात जागोजागी दगड उघडे पडलेले असतात. वळवाची एखादी सर येऊन गेलेली असते, पण तेवढ्याने उकाडा वाढतो, कमी होत नाही. अशा वेळी माथेरानच्या उतारावरच्या वाड्यांतून ठाकर आणि कातकरी बाया डोक्यावर टोपल्या घेऊन उतरतात. टोपलीत करवंदे असतात, जांभळे असतात, रायवळ आंबे असतात. आणि दोन-तीन आठवडेच, फार तर, शेवळांच्या जुड्या असतात.

ज्यांनी शेवळे पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. वीतभर-दीडवीत लांबीचे, टोकाला निमुळते, तपकिरी-जांभळ्या रंगाचे कोंब. त्यांची जुडी पळसाच्या नाहीतर सागाच्या पानात बांधलेली असते, आणि प्रत्येक जुडीबरोबर मूठभर हिरवी, आवळ्याच्या धाकट्या भावंडांसारखी दिसणारी फळे असतात. ती काकडाच्या झाडाची. काकडे घेतल्यावाचून शेवळे घ्यायची नाहीत, हा जुन्या बायकांचा दंडक. कारण शेवळ खाजरे. त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. ते जिभेला आणि घशाला टोचतात. काकडाच्या, चिंचेच्या किंवा आमसुलाच्या आंबटात शिजवले, की ती खाज मरते. ठाणे, कल्याण, पनवेल, अलिबाग या बाजूच्या कायस्थ प्रभू आणि पाठारे प्रभू घरांत वर्षातून एकदा तरी शेवळे झालीच पाहिजेत. कोणी सोडे घालतात, कोणी कोलंबी, कोणी खिमा. सोवळ्यातले लोक वालावर भागवतात. आमच्या मंडळींचे माहेर पनवेलचे. जूनच्या पहिल्या आठवड्यात घरात शेवळे शिजली नाहीत तर पावसाळा नीट सुरू झाला असे त्यांना वाटतच नाही.

पण एक मौज आहे. शेवळे खाणारे शेकडो भेटतात. शेवळा पाहिलेला मात्र दहांत एकही भेटत नाही. भाजी ती शेवळे, आणि झाड तो शेवळा. तो कसा दिसतो, त्याला पान कसे असते, फूल कसे येते, असे विचारले, की खाणारा गोंधळतो. एखादा म्हणतो, ‘बांबूच्या कोंबासारखे काहीतरी असेल.’ खरी गोष्ट अशी, की आपण जे चिरून कढईत टाकतो तेच शेवळ्याचे फूल. न उमललेले फूल.

शेवळा हा अळूच्या कुळातला. लग्नाच्या पंगतीतल्या फदफद्याचा अळू, उपासाच्या दिवशी कामी येणारा सुरण आणि हा डोंगरातला शेवळा, ही सगळी एकाच गोत्राची माणसे. त्यातही सुरण आणि शेवळा अगदी सख्खे भाऊ. शास्त्रज्ञांनी दोघांना अ‍ॅमॉर्फोफॅलस हे एकच आडनाव दिले आहे. सुरणाला पुढे पिओनिफोलियस म्हणतात आणि शेवळ्याला कम्यूटेटस. सुरण गावात राहायला आला, माणसाळला आणि अंगापिंडाने भरला. शेवळा मात्र सह्याद्री सोडून कोठे गेला नाही. आपल्या पश्चिम घाटाबाहेर तो आपणहून उगवत नाही.

त्याला त्याच्या घरी भेटायचे, तर नेरळहून माथेरानच्या अंगाला पायी निघावे. स्टेशनाजवळची वस्ती संपली, की साग, ऐन आणि कुडा यांचे विरळ रान लागते. जूनच्या आरंभी या रानात अजून गवत उठलेले नसते. सागाची वाळकी पाने पायाखाली पापडासारखी मोडतात. करवंदीच्या जाळीच्या कडेला, दगडांच्या सांदीत, वाळक्या पाल्यातून एकेक कोंब भाल्याच्या पात्यासारखा वर आलेला असतो. शेजारी पान नाही, फांदी नाही, खोड नाही. जणू कोणी गंमत म्हणून तो मातीत खोचून ठेवला आहे. देठावर सापाच्या कातडीसारखे ठिपके. दोन-चार दिवसांत देठ लांबतो, कोंबाचे वेष्टन सुटते, आतून गडद जांभळट रंगाचे आवरण उघडते आणि त्याच्या मधोमध एक लांबसडक दांडा उभा राहतो.

आपण ज्याला फूल म्हणतो ते वास्तविक एक फूल नव्हेच. ते एक बिऱ्हाड आहे. दांड्याच्या तळाशी बारीक बारीक मादीफुलांची दाटी असते. त्यांच्यावर नरफुले. त्यांच्यावर तो वांझ, लांब दांडा. त्याचे काम एवढेच, की वास पसरवायचा. वास कसला म्हणाल, तर देवघरात ठेवण्यासारखा नव्हे. सडण्याकुजण्यावर जगणाऱ्या लहान किड्यांना मात्र तो फार प्रिय. ते त्या वासाने येतात. पण निसर्गाने इथे एक कडक शिस्त घालून ठेवली आहे. आधी तळाची मादीफुले पिकतात, आणि त्यांची वेळ टळल्यावर मग वरची नरफुले पराग सोडतात. म्हणजे एकाच बिऱ्हाडातल्या नराचा पराग त्याच बिऱ्हाडातल्या मादीला उपयोगी पडत नाही. आदल्या दिवशी उमललेल्या दुसऱ्या एखाद्या शेवळ्याचा पराग अंगावर घेऊन एखादा किडा वेळेवर आला, तरच बी धरते. एकटा शेवळा कितीही देखणा फुलला तरी वांझच राहतो. त्याला जवळपास शेजार लागतो.

ही शेजाराची गोष्ट मला पुस्तकाने सांगितली. तिचा अर्थ सांगितला तो वाडीतल्या एका आजींनी. त्या आमच्याकडे वर्षानुवर्षे शेवळे आणि करटोली घेऊन यायच्या. एकदा मी त्यांच्याबरोबर रानात गेलो. एका जाळीखाली सात-आठ कोंब होते. आजींनी त्यातले पाच खुडले आणि पुढे चालू लागल्या. मी म्हटले, ‘आजी, तीन राहिले.’

आजी न थांबता म्हणाल्या, ‘ते ठेवलंत, दादा. सगली काढली तर पुढल्या साली काय दगड विकायचं?’

‘आणि कंद?’

‘कंदाला हात नाय लावायचा. तो त्याचा घर हाय.’

कोंब खुडल्याने कंद मरत नाही. पुढल्या वर्षी तो पुन्हा कोंब काढतो. पण त्या वर्षीचे बी मात्र बुडते. पाचात तीन ठेवले तर बी पडते, पोरे उगवतात, जाळीखालचे बिऱ्हाड वाढते. सगळेच खुडत गेले तर म्हातारे कंद जगत राहतात, पण मागे कोणी येत नाही. हा हिशेब आजींच्या वाडीत लिहिलेला नव्हता, पण पाळला जात होता. पावसाआधीचे ते दिवस वाडीला ओढगस्तीचे. कणग्या रिकाम्या झालेल्या, शेतावरचे काम अजून सुरू व्हायचे. त्या दिवसांत जुड्यांचे चार पैसे हातात येतात. तेव्हा शेवळा टिकणे ही त्यांच्या लेखी हौसेची बाब नव्हे.

मग शेवळा उणावतो आहे तो कशाने? टोपलीवाल्या बायांच्या अंगावर ढकलून मोकळे होण्यासारखे उत्तर इथे नाही. मागणी वाढली आहे हे खरे. पण नेरळ-कर्जतच्या रस्त्याने कधी जा आणि दोन्ही बाजूंना बघा. जिथे उतार होते तिथे सपाट प्लॉट आहेत. जिथे करवंदीच्या जाळ्या होत्या तिथे तारेची कुंपणे आणि आत परदेशी गवताची हिरवळ. खुडलेला शेवळा पुढल्या वर्षी परत येतो. सपाट केलेला येत नाही.

२०१६ सालच्या मे महिन्यात अशाच एका उताराचे सपाटीकरण चालले होते. यंत्राने उपसलेल्या लाल मातीत बटाट्याएवढे, काही चांगले कांद्याएवढे चपटे कंद इतस्ततः पडले होते. आजी तिथे उभ्या होत्या. कंदाला हात लावायचा नाही म्हणणाऱ्या त्याच आजींनी ते वेचून पदरात घेतले आणि माझ्यापुढे धरले. ‘घेऊन जा, दादा. हितं आता याला कोन ईचारतो!’ मी मोजले. अकरा कंद होते.

आमचे घर नेरळच्या पूर्वेकडच्या बाजूला, बैठे. मागे चार आंबे, एक फणस आणि थोडी परसबाग. शेवळा परसात लावतात असे कोणी ऐकले नव्हते. सुरण लावतात. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास खड्डा करून, शेण घालून सुरण पुरायचा आणि हिवाळ्यात पान वाळले की काढायचा, हे कोकणात पोरासोरांनाही माहीत. पण सुरणाची रीत शेवळ्याला लावता येत नाही. सुरण खतावर पोसलेला गावकरी. शेवळा डोंगरउतारावर अर्धपोटी राहिलेला वनवासी. आजींनी दोनच गोष्टी सांगितल्या होत्या : जागा उताराची हवी, आणि डोक्यावर पुरी सावली नको, पुरे ऊनही नको. मी आंब्याच्या पूर्वेची कडा निवडली. तांबडी माती, तिच्यात आंब्याचा आणि सागाचा कुजका पाला, खाली खडी. कंद वीतभर खोल ठेवले आणि पावसाची वाट पाहत बसलो.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मातीला तडा गेला आणि एक ठिपकेदार देठ बाहेर पडला. त्याच्या टोकाला पान होते, मिटलेल्या छत्रीसारखे. चार दिवसांत छत्री उघडली. शेवळ्याला पान एकच येते, पण ते एक पान म्हणजे अख्खे झाड वाटावे. तीन मोठ्या शाखा, त्यांना उपशाखा, आणि त्यांच्यावर हिरव्या पात्यांची झालर. पाहुणे विचारत, ‘हे कसले झाड?’ मी म्हणे, ‘झाड नव्हे, पान आहे.’ त्यांना ती थट्टा वाटे. अकरापैकी नऊ कंदांनी त्या पावसाळ्यात छत्र्या उघडल्या.

पावसाळाभर ही एकुलती एक छत्री ऊन गोळा करते आणि खाली मातीत नवा कंद घडवते. शेवळ्याचा कंद दर वर्षी नवा. जुना आपला सगळा साठा पानाला देऊन सुरकुततो, आणि पान जे मिळवते त्यातून त्याच्या जागी नवा भरत जातो. जणू दर पावसाळ्यात घर मोडून पुन्हा बांधायचे! मग नवरात्र उलटले, की देठ पिवळा पडतो, मऊ होतो, आणि दिवाळीच्या आगेमागे एके सकाळी छत्री जमिनीवर आडवी झालेली दिसते. तिसऱ्या दिवशी ती उचलली, की खाली नुसती माती उरते. पुढचे सहा-सात महिने त्या जागी काही म्हणजे काही नसते.

शेवळा परसात लावणाऱ्याची खरी परीक्षा इथून पुढे. पाणी घालायचे नाही. घातले तर कंद कुजतो. खणायचे नाही. ‘जागा रिकामीच आहे तर कोथिंबीर टाकू या’ हा मोह आवरायचा. मी उल्हासच्या पात्रातून नऊ गोटे आणले आणि प्रत्येक कंदाशेजारी एकेक ठेवला. कामाला येणाऱ्या माळीबुवांना ते गोटे फार खटकत. ते म्हणत, ‘साहेब, इथे काहीच नाही, तुम्ही राखण कशाची करता?’ आमच्या मंडळींनी त्या कोपऱ्याचे नाव ‘समाधिस्थान’ ठेवले होते.

२०१७ साली पाने आली. २०१८ साली पाने आली, जरा मोठी. कंदाला पुरेसे वजन येईपर्यंत शेवळा फुलाचा खर्च करीत नाही. २०१९ च्या जूनमध्ये एका गोट्याशेजारी छत्रीऐवजी भाला वर आला. घरात दोन तट पडले.

‘अहो,’ मंडळी म्हणाल्या, ‘एकटाच आहे ना तो? एकट्याला बी धरत नाही असे तुम्हीच सांगता. मग कुजून जाण्यापेक्षा कढईत गेला तर काय बिघडले?’

तर्क बिनतोड होता. मी म्हटले, ‘अगं, तीन वर्षे राखण केली. एकदा उमलू तरी दे.’ तो उमलला. संध्याकाळी वास सुटला, तेव्हा शेजारच्या काकांनी कुंपणावरून विचारले, की पाण्याच्या टाकीत काही पडले आहे का. आठवड्याभरात देठ मऊ पडून कोसळला. बी धरले नाही. भाजी मंडळींनी बाजारातून आणली.

या वासावरून सुरणाची गोष्ट आठवते. परसातला सुरण काही वर्षे न काढता तसाच ठेवला, तर पावसाच्या तोंडाशी त्यालाही फूल येते : जमिनीलगत, टोपलीएवढे, वांगीरंगी, मध्ये सुरकुतलेल्या मेंदूसारखा गोळा. तो गोळा फुलताना स्वतः गरम होतो आणि त्या उबेने दुर्गंध दूरवर पसरतो. कोकणात कित्येक घरांत त्या दिवशी मेलेल्या उंदरासाठी माळा धुंडाळला जातो आणि शेवटी फूल सापडते ते परसात. मग कोणीतरी नाक धरून ते उपटून टाकते. आणि याच घराण्यातला एक थोरला भाऊ सुमात्रा बेटावर आहे. इंग्रजीत त्याला टायटन अरम म्हणतात. ओदोआर्दो बेकारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाला तो १८७८ साली आढळला. त्याने पाठवलेल्या बियांपासून वाढलेले रोप लंडनच्या क्यू उद्यानात १८८९ साली फुलले. त्याचा दांडा पुरुषभर उंचीच्या वर जातो. आजही जगातल्या एखाद्या उद्यानात तो फुलला, की लोक रांगा लावून, तिकीट काढून तो वास घ्यायला जातात. आपल्या परसातल्या धाकट्या भावाचा वास मात्र आपल्याला फुकटही नको असतो!

आणि आपल्याकडची ही भावंडे थोडी नाहीत. महाबळेश्वरला जुलैत गेलात तर धुक्यात नागाच्या फण्यासारखा उभा असलेला पांढरा सापकांदा दिसेल. तोही याच कुळातला. त्याचा कंद लहान असला, की तो नर म्हणून फुलतो. पोसला, की पुढे मादी म्हणून फुलतो. कोकणच्या नावाने ओळखली जाणारी शेवळ्याची एक बहीण, अ‍ॅमॉर्फोफॅलस कोंकणेन्सिस, शास्त्राच्या दप्तरी दाखल झाली ती १९९४ साली. तिची नोंद करणाऱ्यांत आपले वनस्पतिशास्त्रज्ञ एस. आर. यादव होते. इतक्या पिढ्या आपल्या पायांखाली राहून ही झाडे इतक्या उशिरा कागदावर आली. आता ती कागदावर येण्याआधीच उतार सपाट व्हायला लागले, तर काय काय निसटेल याची मोजदाद कोण करणार?

नेरळकडे परत येऊ. २०२० साल कोणी विसरणार नाही. टाळेबंदी होती. लोकल सर्वसामान्यांसाठी बंद होत्या. बाजार भरत नव्हता, टोपल्या उतरत नव्हत्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. आमच्या दोन आंब्यांच्या फांद्या मोडल्या, वीज गेली. दुसऱ्या दिवशी पडलेला पाला उचलताना पाहतो, तर आडव्या फांदीखाली तीन भाले उभे होते. तिन्ही शाबूत.

त्या वर्षी नेरळात कोणाच्याही घरी शेवळे नव्हती. मंडळी बराच वेळ त्या तीन कोंबांकडे बघत उभ्या राहिल्या. मी काही बोललो नाही. बीसाठी निदान दोन हवेत हे त्यांना आता माझ्याइतकेच पाठ होते. शेवटी त्यांनीच सर्वांत लहान कोंब खुडला. आतला पिवळसर, दाणेदार, खाजरा भाग काढून टाकला. काकडे नव्हती म्हणून चिंच आणि आमसूल, घरात उरलेले मूठभर सोडे आणि भरीला कांदा. चौघांत दोन-दोन घास आले. पण पावसाळा नीट सुरू झाला.

उरलेल्या दोघांत एक शुक्रवारी उमलला आणि दुसरा शनिवारी. शनिवारी रात्री मी नातीच्या रंगपेटीतला कुंचला घेऊन बागेत गेलो. पहिल्याचा पराग पिवळ्या पिठासारखा खाली सांडू लागला होता. तो कुंचल्यावर घेऊन दुसऱ्याच्या तळाशी अलगद फिरवला. नात विजेरी धरून उभी होती. तिने विचारले, ‘आजोबा, किडे कुठे गेले?’ मी म्हटले, ‘वादळाने उडाले असतील. आज आपण किडे.’

आठ दिवसांत पहिल्याचा देठ कोसळला. दुसऱ्याचा ताठ उभा राहिला. त्याच्या तळाशी हिरवे दाणे धरले, मक्याच्या लहानशा कणसासारखे. पावसाळा सरता सरता ते पिकले. आम्ही ते त्याच उतारावर पाल्याखाली पेरले. २०२१ च्या जुलैत त्या जागी चौदा इवलीशी पाने उगवली. प्रत्येक पान म्हणजे करंगळीएवढी छत्री.

२०२३ च्या मे महिन्यात त्यातले सहा बाळकंद मी पिशवीत घालून वाडीवर गेलो. आजी आता डोंगर उतरत नाहीत. त्यांची नात टोपली घेऊन येते. आजींनी एकेक कंद हातात घेऊन दाबून पाहिला आणि वाडीमागच्या कुंपणाची कडा दाखवली. तिथे अजून तीन-चार जुने शेवळे फुलतात. नातीने पहारीने भोके पाडली, मी कंद ठेवले. आजी बांधावर बसून सांगत होत्या, ‘जवळ जवळ लाव गं. एकट्याचं नाय भागत त्याचं.’

परसातल्या नऊ शेवळ्यांनी माथेरानचा उतार भरून निघत नाही, हे मला समजते. रान ते रान. तिथे किडे आहेत, बी वाहून नेणारे पक्षी आहेत, पाला कुजवणारी बुरशी आहे. बागेत हे सगळे उसने आणावे लागते. पण रान उकरले जात असताना निदान त्याचे बी कोठे तरी जपलेले असावे, आणि ते जिथे परत जाऊ शकते त्या कडा मोकळ्या राहाव्यात, एवढे नेरळात राहणाऱ्या माणसाच्या हाती आहे. ज्यांचे इथे प्लॉट आहेत त्यांनी जाळीचा एक कोपरा, उताराची एक पट्टी न उकरता तशीच ठेवली तरी पुष्कळ झाले. तिथे बहुतेक वर्ष काहीच दिसणार नाही. बाजारात गेलात तर जुडी जरूर घ्या, काकडांसकट घ्या आणि घासाघीस करू नका. फक्त टोपलीवालीला एकदा विचारा, ‘रानात ठेवलीस ना गं थोडी?’ ती हसेल. पण तुम्हाला माहीत आहे हे तिला कळेल.

काशीकडे दिवाळीला सुरणाची भाजी करायचा रिवाज आहे. सुरण कितीही काढला तरी मातीत राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा येतो, तशी लक्ष्मी पुन्हा पुन्हा घरी यावी, असा त्यामागचा भाव सांगतात. आमच्याकडे दिवाळीला शेवळ्याचे काही शिजत नाही. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्या उतारावरच्या छत्र्या एकेक करून आडव्या होत असतील. नात दर वर्षी वसुबारसेच्या दिवशी नवे गोटे मोजून ठेवते. गेल्या वर्षी ते तेवीस झाले. माळीबुवा आता काही विचारीत नाहीत. पाडव्याच्या सकाळी ते स्वतःच त्या जागेवरून झाडू हलक्या हाताने फिरवतात, आणि नळी उचलून पलीकडच्या जास्वंदीकडे वळवतात.